मुकादमांनी फिरवलेली पाठ

तीर्थरूप ताई,

गुडघे टेकून नमस्कार. (ते आधीच टेकलेले आहेत. तुझा ससा पलंगाखाली आहे आणि मी फरशीवर बसून लिहितो आहे.) तुझी लेक आणि तिचं तान्हं बाळ सुखरूप असतील, तुझी कंबर तुझ्या स्वभावापेक्षा बरी असेल आणि जावई अजून घर सोडून गेले नसतील, अशी आशा आहे. इकडे मी ठीक. मुकादमही ठीक, एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होतो, पण तू महिनाअखेरीस येणार आणि तुला डोळे आहेत. (मुकादम म्हणजे तोच, तुझा सोन्या. स्वतः काडी न हलवता दिवसभर माझ्या कामावर नजर ठेवणाऱ्याला दुसरं काय म्हणू?)

जाताना तू कापड बेतायच्या टेबलावर कागद टाचून गेलीस. केस आखूड आहेत, आठवड्यातून एकदा मऊ ब्रश, तोही केसांच्या दिशेनं. आंघोळ अजिबात नाही. गवत संपू द्यायचं नाही. आणि अंगाला हात लावण्याआधी तो हात त्याला हुंगू द्यायचा. हे शेवटचं वाचून मी म्हणालो होतो, की तीस वर्षं लोकांची मापं घेतोय, आजवर एकाही गिऱ्हाइकानं हात हुंगायला मागितला नाही. तू हसली नाहीस. पिशवी उचललीस आणि गेलीस. तो विनोद आता माझ्याच घशात अडकला आहे.

पहिला महिना बरा गेला. मग केस गळायला लागले. आखूड केसांचा म्हणजे थोड्या केसांचा, असा माझा समज होता. ताई, एवढ्याशा प्राण्यातून रोज दुसरा ससा निघत होता. चहात केस, इस्त्रीखाली केस, मशीनच्या बॉबिनमध्ये केस. एका वकिलाचा काळा कोट करडा होऊन गेला. ते तक्रार घेऊन आले तेव्हा मी सांगितलं, कोट काळाच आहे, वरचा रंग तुमच्या वयाचा असेल. (गिऱ्हाईक गेलं. जीभ तेवढी शाबूत आहे.) आणि त्याच तिरीमिरीत मी ते केलं, जे शिंप्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

कोटावरचा धागादोरा उचलायचा तो चिकट कागदाचा रोलर तुला माहीत आहे. म्हटलं, केस कोटावर आल्यावर उचलण्यापेक्षा उगमालाच का उचलू नयेत? मुकादमांना टेबलावर ठेवलं, कापड दाबतात तसं डाव्या हातानं दाबलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत एकाच झटक्यात रोलर फिरवला. तो पाठीवर चिकटला. मी ओढला.

ससा ओरडू शकतो हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. एकदाच ओरडला, बारीक, आणि चिंध्यांच्या टोपलीत उडी मारून तिथून पलंगाखाली गेला. मागचा पाय दोनदा फरशीवर आपटला आणि माझ्याकडे पाठ केली. अकरा दिवस झाले, तीच पाठ बघतो आहे.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. सशाची कातडी कागदासारखी असते म्हणाल्या. केस गळतीच्या दिवसांत तळहात ओला करून नुसता फिरवला तरी सुटे केस निघतात, आणि ते काढायलाच हवेत, नाहीतर अंग चाटताना त्याच्या पोटात जातात. मग विचारलं, "काम काय करता तुम्ही?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबर. कापड ओढलं तर त्याला दुखत नाही ना." ताई, मी मलम खिशात टाकलं आणि याला पुन्हा कधी आणू ते विचारलं.

आता दिवसाआड त्याला त्यांच्याकडे नेतो. त्या हात ओला करतात, हा डोळे मिटून पसरतो, आणि मी कोपऱ्यात पिशवी धरून उभा. घरी मी ओला तळहात घेऊन सरपटत गेलो की तो तेवढाच पुढे सरपटतो. माणसाला बोललो तर पुन्हा बोलून त्याला हसवता येतं, निदान हसला असं आपण धरून चालतो. याच्यापुढे माझी जीभ काही कामाची नाही. परवा मी त्याची माफीही मागितली. चांगली लांब. तो गवत खात होता.

लेकीला आशीर्वाद. बाळाला हात लावण्याआधी काय करायचं ते तुला माहीतच आहे.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. जखम कोटाच्या बटणाएवढी आहे. ओव्हरकोटाच्या.

ता. क. २. काल त्यानं माझ्या हातातून कोथिंबीर खाल्ली, असं खाली लिहिणार होतो. खाल्ली खरी, पण मी हात काढून घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्यावर.

ता. क. ३. पत्र खरं यासाठी लिहिलं. तू नेहमी अंगात घालतेस तो राखाडी स्वेटर पोस्टानं पाठव. धुऊ नकोस. तो मला होणार नाही, पण बगलेत उसवून बसवीन आणि तू यायच्या आत कळणार नाही असा परत शिवून ठेवीन. त्याला फसवायचं मनात नाही. तुझ्या वासानं तो जवळ येऊन बसला, की मी बाही वर करीन आणि माझा हात त्याला हुंगायला देईन.