स्वखुशीने दिलेला राजीनामा

४ ऑगस्ट

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. खालच्या ओठाला पाच टाके पडलेत. बाळंतपणाची रजा संपवून बाइंडिंगखान्यात परतले, त्याला जेमतेम महिना झाला होता. दुपारी बाळाला पाजायला निघाले, तर सुपरवायझरने मागून वेणी धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. समोरचा दात तिथेच पडला. म्हणाला, रजेचा पगार फुकट खाल्लास, आता पाजायचाही पगार हवा का? मी तशाच रक्ताळल्या हातांनी राजीनामा लिहून मालकांपुढे टाकला.

काल मालकांचं पत्र आलं. परतल्यावर सहा महिन्यांत नोकरी सोडली, तर रजेतला सगळा पगार परत करायचा. तशा कागदावर सही माझीच आहे, सातव्या महिन्यात न वाचता केलेली. झेरॉक्स सोबत आहे. हे लोखंडी सळई घेऊन निघाले होते, मी दारात आडवी झाले.

लोभ आहेच, धीरही पाठव.
तुझी ठकी

९ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मेहुण्यांना म्हणावं, सळई ठेवा. तुम्ही तुरुंगात गेलात तर बाळाची लंगोटी कोण बदलणार? आमच्या वकीलसाहेबांना कागद दाखवला. त्यात 'स्वखुशीने नोकरी सोडल्यास' असं लिहिलंय. दात पाडून घालवलेल्या बाईची स्वखुशी कसली, असं ते म्हणाले. डॉक्टरांचा दाखला घे, पोलिसांत तक्रार दे, दोन्हींच्या प्रती मालकांना दे. एकटी जाऊ नकोस.

बाळाला पापा. जपून राहा.
तुझी ताई

१७ ऑगस्ट

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पगार परत नको, असं मालकांनी लिहून दिलं. पण कसं, ते ऐक.

दाखल्याच्या आणि तक्रारीच्या प्रती घेऊन आम्ही दोघं मालकांकडे गेलो. सुपरवायझरने कागद फाडले, यांना जिन्यावरून ढकललं. यांचं मनगट मोडलं. ते बघून पुस्तकं शिवणाऱ्या बाया उठल्या. सगळ्यांत म्हाताऱ्या मावशीने लाकडी हातोडा त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. मालकांनी घाबरून तिथल्या तिथे लिहून दिलं. आता तक्रार आम्हा बायांवरही झालीय.

एक गोष्ट यांनाही माहीत नाही, हे तेव्हा जिन्याखाली पडलेले होते. तो खाली पडून हात जोडत होता, तरी मी त्याच्या तोंडावर लाथा मारत राहिले. मावशीने ओढलं तेव्हा थांबले. ताई, मला बरं वाटत होतं.

हे वाचूनही माया उरली, तर उत्तर पाठव.
तुझी ठकी