आयच्या तोंडचे लाल ठिपके

प्रिय दादा,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, त्यावरून काही समजून घेऊ नकोस. तुझे फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तू “अगं, ऐक तरी” म्हणून मला मध्येच तोडतोस. कागदावर तोडता येणार नाही.

अलिबागच्या कॉलेजातलं तुझं भाषण राहुलने गावच्या ग्रुपवर टाकलं, वर ‘आपला निकेश’ असं अभिमानाने लिहून. आय आणि मी ओटीवर बसून पाहिलं. बंद हॉलमध्ये बोलण्यातून, गाण्यातून उडणारे बारीक थेंब कुठवर पोचतात, ते तू कॉम्प्युटरवर दाखवत होतास. राखाडी हॉल, बिनचेहऱ्याची माणसं. स्टेजजवळ एक बाई गात होती. तिच्या तोंडातून लाल ठिपके निघाले, एसीच्या झोतावर चढले आणि मागच्या खुर्च्यांवर उतरले. तिथला एक माणूस हळूहळू लाल होत गेला. तू म्हणालास, “ही गाणारी बाई या प्रसाराचा स्रोत.”

नाव घेतलं नाहीस, मोठे उपकार! कोरोनाच्या दिवसांत एसी हॉलमधल्या लग्नात धवले गाणारी आपल्या गावात दुसरी कोण होती? मागच्या खुर्चीवर गुणाजीकाका होता आणि नंतर तो गेला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि लग्न तुझं होतं, दादा. आयने अंगणात मांडव मागितला होता. हॉल तुला हवा होता.

“स्रोत म्हंजे काय गो?” आयने विचारलं. मी म्हटलं, झरा. तिने माझ्या हातून मोबाईल घेतला आणि तो लाल होणारा माणूस पुन्हा पाहिला.

निम्म्या गावाची लग्नं तिच्या धवल्यांनी लागली. बाळाजीने परवा मुलाच्या लग्नाला परगावची धवलारीण आणली. आयला साधं हळदीलाही बोलावलं नाही. आता ती घरातसुद्धा तोंडावर पदर धरून बोलते, माझ्यासमोरसुद्धा. त्या दिवशी तिला ना ताप होता ना खोकला, हे तुला माहीत आहे. ते भाषणात कुठे होतं? तुझं गणित खोटं आहे असं मी म्हणत नाही. ठिपके तसेच गेले असतील.

काल जनीकाकी आली होती. अमिषाचं लग्न ठरलंय, दारातच मांडव आहे. आयच्या हातावर अक्षता ठेवून ती म्हणाली, “वैनी, माज्या पोरीचा धवला तूच गायाचा.” जिचा नवरा, आपला गुणाजीकाका, त्या लग्नापायी गेला, तीच बोलवायला आली होती! आयने हात जोडले. “माज्या तोंडानं तुजा कपाल पुसला. मी नाय गानार,” एवढं बोलून ती आत गेली. काकी किती वेळ ओटीवर बसून रडत होती.

म्हणून हे पत्र. भाषणात तू दुसरं चित्रही दाखवलंस: खिडक्या उघड्या, ठिपके वाऱ्याबरोबर बाहेर, मागची खुर्ची जवळजवळ स्वच्छ. “खिडक्या बंद नसत्या तर धोका खूप कमी झाला असता,” असं शांतपणे म्हणालास, जणू त्या आपोआप बंद झाल्या होत्या. खाडीकडच्या त्या खिडक्या गुणाजीकाकाने स्वतः उघडल्या होत्या. तुझ्या सासरची माणसं उकडतंय म्हणाली, तेव्हा तू बाशिंग बांधलेला स्टेजवरून उतरलास आणि “काका, एसी फुकट जातो” म्हणत एकेक बंद केल्यास. मी तिथेच उभी होते. हॉलमधला प्रत्येक माणूस तू चित्रात बसवलास, स्वतःला तेवढं वगळलंस. मांडवाच्या आधी ये आणि हे आयसमोर, जनीकाकीसमोर स्वतःच्या तोंडाने सांग. आला नाहीस तर भर मांडवात मी सांगेन, आणि त्यानंतर या घराची पायरी चढू नकोस.

अजून तरी तुझीच,
सुचिता