पापा मोसोंबोंनी प्यायलेली ताडी

वेसो, गुरुवार

तीर्थस्वरूप गास्तों मामांस,

भाचा आनिसे याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला असावा. नसल्यास त्यांना सांगा, मी पाठवलेलं औषध प्यायचं आहे (छातीला चोळायचं नाही). मी धडधाकट आहे. माझं लग्न ठरलं की मोडलं, एवढंच मला समजत नाहीये.

आमच्या दवाखान्यातली परिचारिका लेओकादी तुम्हाला ठाऊक आहे. तिचे वडील नदीच्या वरच्या अंगाला, दोन दिवसांच्या वाटेवर, राष्ट्रीय उद्यानाच्या तळावर कामाला असतात. आधी त्यांचा होकार घ्यावा म्हणून मी रजा काढली, ताडीचा बुधला घेतला आणि होडीत बसलो. तिथे त्यांना सगळे नुसतं ‘पापा’ म्हणतात, असं ती एकदा बोलता बोलता म्हणाली होती. आपल्याकडे केस पिकलेल्या प्रत्येकाला पापाच म्हणतात, हे जन्म इथेच काढूनही मला ऐन वेळी आठवलं नाही. धक्क्यावर जो पहिला म्हातारा पुढे आला त्याला मी विचारलं, “पापा ना?” तो म्हणाला, “हो.” झालं.

ते निघाले वाटाडे, पापा मोसोंबो. त्यांनी बुधला ठेवून घेतला आणि मला थेट जंगलात नेलं. (मला वाटलं, जावयाची परीक्षा चाललीय, त्यांना वाटलं, मी जनावरं बघायला आलोय.) तीन तास कमरेएवढ्या चिखलातून चाललो. कानात माश्या, डोळ्यांत घाम. शेवटी एका दलदलीच्या काठी, समोर गोरिलांचं कुटुंब पाला खात बसलेलं असताना, मी तुमच्या पद्धतीने मागणीचं भाषण सुरू केलं. भाषणात आजोबांच्या होडीच्या गोष्टीपर्यंत पोचलो असेन, तोच पापांनी माझ्या तोंडावर हात ठेवून जोरजोरात मान हलवली. मी समजलो, होकार. मोठा गोरिला उठून उभा राहिला, तेव्हा त्यालाही आनंद झाल्यासारखं वाटलं. मग आम्ही पळालो.

संध्याकाळी तळावर पापा मोसोंबोंनी ताडी चौघांना वाटली, स्वतः अर्धी प्यायले. मी अदबीने विचारलं, “मग लग्न कधी धरायचं?”

“कुणाचं?”

“तुमच्या मुलीचं, लेओकादीचं.”

“मला चारही मुलगेच आहेत, बाबा.”

चुलीपाशी बसलेल्या स्वयंपाक्याने डाव खाली ठेवला. हेच लेओकादीचे वडील, पापा इलेर. (थोड्याच वेळापूर्वी मी त्यांचा मासा कच्चा म्हणून दोनदा परत पाठवला होता.) ते शांतपणे म्हणाले, “ज्याने ताडी प्यायली, त्याच्याकडेच मुलगी माग.” पापा मोसोंबो घाबरले, मागणीची ताडी पोटात गेल्यावर मुलगी द्यावी लागते, आणि ती आणायची कुठून? दोघं आपल्या भाषेत बराच वेळ भांडले. शेवटी दोघांनीही माझा हात हातात घेतला. एक माफी मागत होता, दुसरा बहुधा धमकी देत होता. कोण काय, ते मला उमगलं नाही.

निघताना पापा इलेरांनी पानात बांधलेला मासा हातात दिला. “हा शिजलाय. पुढचं बोलायला मामाला पाठव. तू बोलू नकोस.”

तुमचा
आनिसे

ता. क. : तेव्हा मामा, येत्या महिन्यात दोन बुधले घेऊन जाल ना? दोन्ही बुधले पापा इलेरांच्याच हातात द्या.

दुसरा ता. क. : लेओकादी भेटली तर यातलं काही बोलू नका. तिला मी अजून विचारलेलं नाही.