दोघांनी घ्यायच्या गोळ्या

१८ नोव्हेंबर

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र मिळालं. तू खुशाल आहेस, तुझ्या दादाचा रक्तदाब आटोक्यात आहे, वहिनींचे गुडघे होते तसेच आहेत, हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ बदलून घेतला. आधीचा गळायचा, हा नुसता घोरतो. शेजारच्या काकू अधूनमधून वाटीभर भाजी आणून देतात आणि जाताना आपल्या घरची बातमी घेऊन जातात. माझ्या दुखण्याचं खरं कारण तुला त्यांनीच कळवलं म्हणे. काकूंचे आभार मानावेत की त्यांच्या तोंडाला कुलूप घालावं, अजून ठरत नाही.

मोठी बातमी म्हणजे मी परत क्रेनवर चढलो. या दुखण्यापायी दीड वर्ष मला खाली गोदामात सिमेंटच्या गोण्या राखायला बसवलं होतं. आता पुन्हा वरची केबिन. फरक एवढाच, की दर दोन-तीन तासांनी मी शिडी उतरून लघवीला जातो आणि सुपरवायझर वॉकीटॉकीवर शिव्या घालतो. घालू दे. त्याच्या शिव्या नकोत म्हणून इतकी वर्षं मी सकाळी चढलो की जेवणाच्या सुट्टीपर्यंत दाबून धरायचो. वारा सुटला आणि हुकाला भार लटकत असला, की सगळं अंग आवळून बसायचो. दुखण्याचं मूळ बहुतेक तिथंच आहे, असं फिजिओबाई म्हणते.

हो, बाई आहे. दादाला हे आधी सांग, म्हणजे त्याला भुवई उंचावायला काहीतरी मिळेल.

तिच्याकडे कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा आहे. त्यावर तिने दाखवलं, की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत. बायकांना असते तशी पुरुषांनाही. म्हणाली, "काका, तुमची झोळी सैल पडतच नाही. दिवसरात्र मूठ वळून बसल्यासारखी आहे. रिपोर्ट बघितले सगळे, जंतूबिंतू काही नाहीत." मग मला विचारून, हातमोजा घालून, तिने मागच्या वाटेने आतून तपासलं. तुला सांगायला लाज वाटते, पण आता लाज राखायची तरी कुणासाठी? एका जागी बोट टेकवून तिने विचारलं, "हीच का ती कळ?" तीच होती. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. इतके डॉक्टर झाले, पण कुणीतरी ती पहिल्यांदा शोधली होती.

आता रोज उताणं पडून पिंढऱ्या खुर्चीवर टेकवायच्या, पोटात श्वास भरायचा आणि खालचं सगळं सोडून द्यायचं. मी मोबाइलवर बघून आवळायचे व्यायाम करत होतो, ते तिने पहिल्याच दिवशी बंद केले. आगीत तेल ओतत होतो मी. सोडून देणं फार जड जातं, पण कळ निम्म्यावर आली आहे.

आता तुझ्या पत्राकडे येतो. आधीच यायला हवं होतं, टाळत होतो.

त्या मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडे तू माझ्या शेजारीच बसली होतीस. रिपोर्टमध्ये काही सापडलं नव्हतं. तरी त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता म्हणाले, "दोघांनी घ्या." तू विचारलंस, "मी कशाला?" तर म्हणाले, "अशी इन्फेक्शनं कधी कधी बाहेरून येतात. विचारा मिस्टरांना." आणि बेल दाबून पुढच्या पेशंटला बोलावलं. बोलणाऱ्याचं काय जातं? आपला संसार गेला.

तू गोळ्या घेतल्यास. तुझं तोंड आलं, धड जेवताही येईना. तुला राग आला हे मला कळतं, खरंच कळतं. पण पुढचे रिपोर्टही स्वच्छ आले तेव्हा मला वाटलं, आता तरी म्हणशील, चुकलं माझं. तू म्हणालीस, "गोळ्यांनी धुऊन निघालं असेल." डाग सापडला तर गुन्हेगार आणि नाही सापडला तर मुरलेला गुन्हेगार! अशा न्यायापुढे कुणी काय बोलावं?

आणि ते दुसरं. तू जवळ आलीस की मी कूस बदलायचो. थकलोय म्हणायचो. त्यावरून तू दोन अधिक दोन चार केलेस आणि एका सकाळी माझा डबा भरताना विचारलंस, "कोण आहे ती?" मी हसलो. मला धड उभं राहवत नव्हतं आणि तू विचारत होतीस, कोण आहे ती! त्या हसण्याला तू कबुली समजलीस. तर ऐक. आपण जवळ आलो की नंतर दोन-दोन दिवस तिथे निखारा ठेवल्यासारखं जळायचं. मला तुझी ओढ होती आणि तुझीच भीती वाटायची. हे नवऱ्याने बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं असतं तरी तुला खरं वाटलं असतं?

मग दादा गाडी घेऊन आला. जिन्यात सगळे शेजारी उभे असताना मला म्हणाला, "बाहेरचे रोग घरात आणता, लाज नाही वाटत?" तू ते ऐकलंस. आणि बॅग उचललीस.

आणि आता लिहितेस, "काकू म्हणतात ते खरं असेल, तर फिजिओकडून लेटरहेडवर तसं लिहून घ्या. दादाला दाखवते. मग मला ताठ मानेने परत येता येईल."

ताठ मानेने! माझी मान इतके दिवस कुठे होती, ते नाही विचारलंस. कळ कमी आहे का, तेही नाही. मी पत्र उलटसुलट करून पाहिलं, कुठेतरी कोपऱ्यात लिहिलं असेल म्हणून. मी काय तुझ्या वर्गातलं पोर आहे, गैरहजर राहिलो म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला?

पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तेव्हा मी ते दारातच फोडलं. कागदबिगद न मागता नुसतं "येते" एवढंच लिहिलं असतंस, तर मी रजा टाकून, बसच्या आधी तासभर, थांब्यावर येऊन उभा राहिलो असतो. अजूनही माझं तसंच आहे, याचा मला स्वतःचा राग येतो.

फिजिओबाईला विचारलं. तिने लगेच लिहून दिलं, की कुठल्याही तपासणीत संसर्ग सापडलेला नाही आणि दुखणं स्नायूंचं आहे. सही आहे, शिक्का आहे. सोबत जोडलं आहे. दादाला दाखव, हवं तर भिंतीवर टांगा म्हणावं.

तू मात्र येऊ नकोस. एका माणसाच्या शब्दावर गेलीस, आता दुसऱ्याच्या सहीवर येशील. उद्या तिसरं कुणी काही बोललं, की पुन्हा निघशील आणि मी पुन्हा कुणाचा तरी शिक्का मागत दारोदार फिरेन. मला ते झेपायचं नाही.

वहिनींना नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस.

अजून तरी, कागदोपत्री,
तुझा