अकरा फळ्या आणि दत्तूचं मशीन

ता. ३ नोव्हें., सोमवार

खटक-ढब्, खटक-ढब्. शेवगावच्या शाळेमागचा हातपंप. आज तोच कानात वाजला आणि जागा झालो. साठ वर्षं होत आली त्याला. संमेलनाच्या आदल्या दिवशी लाकडी रंगमंच धुवायचं काम आमच्या वर्गाकडे असे. दत्तू पंप हाणायचा. मी काथ्यानं फळ्या घासायचो आणि घासता घासता पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणायचो. गुरुजी एकदा थांबून म्हणाले होते, "नारायणा, तुझ्या आवाजानंच फळ्या उजळतात." दत्तूला म्हणाले, "तू हाण पंप."

त्या एका वाक्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

आज सुप्याच्या चौकात त्याच दत्तूचं नवं मशीन पाहिलं. गरम पाण्याचं. पिकअपवर पक्कं बसवलेलं, वर टाकी, नळी गुंडाळायला चाक. दारावर रंगवलंय, 'प्रेशर धुलाई व लाकूड नूतनीकरण'. नूतनीकरण! उन्हाळ्यात चौकातल्याच चहाच्या टपरीवर मला विचारत होता, जुनं लाकूड नवं करतात त्याला भारदस्त शब्द काय. मी दिला. धंदाही माझाच बघून सुरू केला. मी कारखान्यातून रिटायर झालो, मशीन घेतलं, हिला बरोबर घेऊन कामं सुरू केली. हा दोन वर्षांनी आला. आणि आता पिकअप.

"काय रे नाऱ्या, तुझी पिचकारी चालती का अजून?" टपरीवरचे हसले. मीही हसलो. चहा मात्र अर्धा टाकून आलो.

ह्यापुढे वहीत नुसतं द. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही.

ता. ५, बुधवार

एमआयडीसीत एका शेडची फरशी. ही साबण मारते, मी पाणी. दुपारी एकला मोकळे.

विसरायला लागलोय, म्हणून कामाच्या गोष्टी लिहून ठेवतो.

फोन आला की आधी पाणी विचारायचं. बोअरचं की कॅनॉलचं? बोअरचं जड असेल तर काचेवर, रंगावर पांढरे डाग राहतात, आणि बोल आपल्याला. मग लाईट. मग घाण पाणी जाणार कुठं. शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं तर संपलंच. काम सुरू करायच्या आधी मोबाईलवर फोटो, फुटलेली फरशी, तडकलेली काच, सगळ्याचे. मालकाला तिथंच दाखवायचे.

सिमेंटला जोर चालतो. लाकडाला नाही. रुंद फवारा, नोझल हातभर लांब, आणि लाकडाच्या रेघेनंच जायचं, आडवं कधीच नाही. आधी एका कोपऱ्यात करून बघायचं. धुतल्यावर दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचं. मालक घाई करतो, करू दे. ओल्या लाकडावर तेल म्हणजे महिन्यात काळं.

साबण लावला की किती थांबायचं? माझं माप कवितेचं. सातवीतली लांब कविता दोन वेळा, सावकाश. हात फिरवायचा वेगही त्याच चालीचा. ही म्हणते, "मोबाईलात घड्याळ हाय की." मोबाईलला यमक कुठलं कळायला.

द. मोबाईलच लावतो. ऐकलंय.

ता. ८, शनिवार

देवळाली प्रवराहून मॅडमचा फोन. कॅनॉलजवळ त्यांचं कृषी पर्यटन आहे. खोल्या, हुरडा, तळं, आणि तळ्यावर पुढं आलेला सागाचा डेक. तो डेक तीन वर्षं माझ्या हातचा. दर दिवाळीनंतर धुवायचा, घासायचा, तेल द्यायचं. सकाळचं ऊन पडलं की सागाची रेघ अशी उठून दिसते की... असो.

"नाना, यंदा वर्षभराचं काम एकालाच द्यायचंय. खोल्या, सोलर, डेक, सगळं. अजून एक जण येतायत दाखवायला. तुम्हीही या मंगळवारी."

अजून एक जण. नाव विचारलं नाही. कशाला विचारायचं.

फोन ठेवला आणि अकरा फळ्या आठवल्या.

गेल्या वर्षी डेकच्या तळ्याकडच्या टोकाला अकरा फळ्या कुजल्या होत्या. चार दिवसांत तिथं लग्न. तेवढ्यात साग मिळेना. सुप्याच्या एका कंपनीत मशिनांची खोकी येतात पाइनच्या लाकडाची. भंगारवाल्याकडून तीच खोकी आणली, रंधून फळ्या केल्या, रंग आणि जवसाचं तेल देऊन सागाशी जुळवल्या. इतक्या जुळल्या की बसवल्यावर माझ्याच मला पटकन ओळखू येईनात. मनात होतं, पुढच्या खेपेला साग घालू, तेव्हा सांगू. मॅडम म्हणाल्या, "वा नाना, हात आहे की काय!" ते ऐकलं आणि सांगायचं राहिलं.

राहिलं म्हणजे, सांगितलं नाही.

ता. ११, मंगळवार

दे. प्रवरा. द. आधीच हजर. इस्त्रीचा शर्ट.

पायवाट धुवून दाखवली. गरम पाणी, वाफ, शेवाळ दहा मिनिटांत साफ. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. खरोखरच्या टाळ्या. माझ्या मशिनाला सुरू व्हायला तीन झटके लागले. तिसऱ्याला ही हळूच म्हणाली, "लाज राख रे बाबा." मशिनालाच म्हणाली असेल.

मग डेकवर गेलो सगळे. मॅडम म्हणाल्या, हा माझा जीव आहे. द.नं बूट काढले आणि वाकून फळीवर हात फिरवला. अकरातल्याच एका फळीवर! "साग लई भारी हाय मॅडम." माझ्याकडं बघून म्हणाला, "नाऱ्यानं ठेवलाय पन जिवापाड."

त्यानं स्तुती केली ह्याचाच जास्त राग आला.

निघताना द. तळ्याकडे बघत कवितेच्या दोन ओळी म्हणाला. सातवीतल्या. दुसऱ्या ओळीत दोन शब्द चुकले. मॅडम म्हणाल्या, "अय्या, काका, किती छान म्हणता!" मी शेजारीच उभा होतो. चूक सांगितली असती तर कसं दिसलं असतं? नाही सांगितली.

ता. १३, गुरुवार

काम द.ला. उद्यापासून डेक. तो चांगला झाला की वर्षभराचं पक्कं.

मॅडमचा मेसेज, हात जोडल्याचं चित्र.

हिला फळ्यांचं ठाऊक आहे. रंग कालवायला तीच होती. जेवताना म्हणाली, "फोन करा दत्तूभावजींना. सागावानी पानी मारलं तर त्या फळ्या कापसावानी पिंजतील."

"त्याला नाही का कळत? एवढं मशीन घेतलंय."

"कळंल कसं? तुमीच तर कळू न्हाई असं केलंय."

दुपारी दोन वेळा नंबर लावला. एकदा वाजायच्या आत कट केला. दुसऱ्यांदा वाजला, त्यानं उचलला, "बोल की रे." मागं लोकांचा हसण्याचा आवाज. माझ्यावरच हसतायत असं वाटलं. "काही नाही, चुकून लागला," म्हणालो.

आत्ता वाटतंय, एकच वाक्य होतं. टोकाच्या अकरा फळ्या पाइनच्या आहेत, हातानं धू. इतकंच.

पण मग तो मॅडमना सांगेल. आणि डेक तर त्याचा सुरेख होईल. म्हणजे दोन्हीकडून...

ता. १४, शुक्रवार

गावातच एका घराची गच्ची धुतली. चित्त नाही. साबण लावला आणि कविता मध्येच तुटली, पुढची ओळ सुचेना. सातवीपासून पहिल्यांदा. साबण वाळला, पट्टे उमटले. परत धुवावं लागलं. हिनं नुसती दुसरी बादली आणून ठेवली. बोलली असती तर बरं होतं.

ता. १५, शनिवार

राहवेना. ब्रश राहिलाय असं निमित्त करून एसटीनं नगर, तिथून दे. प्रवरा.

लिहायला कठीण जातंय पण खरं लिहितो. डेकचा तीन चतुर्थांश भाग द.नं माझ्याहून चांगला केला होता. जोर कमी केलेला, रुंद फवारा, रेघेनं गेलेला, एक ओरखडा नाही. कोपऱ्यात करून बघितल्याची खूणही होती. सागावर केलेली. आणि हात फिरवताना तो गुणगुणत असणार, कारण पाण्याच्या पट्ट्यांचं अंतर मी ओळखतो. ती माझी चाल. तीसुद्धा उचलली.

टोकाला अकरा फळ्या. रेशे उभे राहिलेले, भिजलेल्या मेंढीसारखे. दोन मध्येच उकललेल्या.

द. गुडघ्यावर बसला होता. एक फळी पहारीनं उचकटून उलटी केली. खालच्या अंगाला खोक्याचा छाप, छत्री आणि काचेचा पेला. तिकडं रंधा मारलाच नव्हता मी. कोण बघतंय म्हणून.

छापाकडं बघत राहिला. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. ओरडेल वाटलं. शाळेत ओरडायचा तसा. वाट बघत होतो त्याची.

मॅडम आल्या. "अगं बाई, हे काय झालं?"

द.नं फळी पालथी टाकली, छाप खाली. म्हणाला, "माझ्या हातनं जोर जास्त झाला, मॅडम. बदलून देतो."

मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "काका, आता थांबाच तुम्ही. बाकीचं मला बघावं लागेल." मग माझ्याकडं वळल्या, "नाना, तुमच्या हातात असं कधी झालं नव्हतं."

तीन वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य. द.समोर. आणि मी त्या पालथ्या फळीकडं बघत होतो.

द. नळी गुंडाळायला लागला. जवळून जाताना फक्त म्हणाला, "जमवली होतीस बाकी झ्याक. मलापन कळलं न्हाई."

एसटीत बसलो. अख्ख्या वाटेत एकच विचार, आणि तोही त्याच्या बाजूचा नाही. हा मोठा झाला. हेही त्यालाच मिळालं. पिकअप मिळाली, टाळ्या मिळाल्या, आता हेही. माझ्याकडं बोलायला शब्द एवढे, आणि त्याच्या चार शब्दांपुढं...

ता. १६, रविवार

सकाळी मॅडमचा फोन. वर्षभराचं काम मी घ्यावं. "दत्तूकाकांचं मन मोडलं असेल, पण डेकचा प्रश्न आहे. उद्या सांगा."

"उद्या सांगतो," म्हणालो.

ही ओट्यावर तांदूळ निवडत होती. सगळं ऐकलं. "घेनार?"

"बघू."

"दत्तूभावजींचं नाव गावभर झालंय. एमआयडीसीतल्या एका शेडवाल्यानं त्यांना येऊ नका म्हनून सांगितलं म्हनं. लाकूड फोडतो म्हनत्यात."

"त्यानंच अंगावर घेतलं. मी सांगितलं होतं का?"

ती ताट घेऊन आत गेली. दारातून म्हणाली, "तुमी कायच न्हाई सांगितलं. तेच तर."

दुपारी माळ्यावरून सागाच्या फळ्या काढून मोजल्या, यंदाच एका कामावरून आणलेल्या जुन्या दारांच्या. अकराला पुरतील. दिल्या तर कुणाला? द.ला द्यायच्या, की मी नेऊन बसवायच्या, मॅडमना सांगून? की न सांगता बसवून मोकळं व्हायचं? तिसरंच सारखं मनात येतं. त्याची लाज वाटते, तरी येतं.

ता. १७, सोमवार

सकाळचे नऊ. मॅडमना फोन करायचा आहे. दोन वाक्यं लिहून काढली, एक होकाराचं, एक खरं. खरं वाक्य तीनदा खोडलं. 'मॅडम, त्या फळ्या माझ्या' इथपर्यंत जातं आणि पुढं जात नाही.

द. आत्ता काय करत असेल? चौकात उभा असेल का? टपरीवर हसणारे आज त्याला हसत असतील. हे मला आवडायला हवं होतं. थोडं आवडतंयही. खोटं कशाला लिहू.

ही सकाळपासून विचित्र. अंगण दोनदा झाडलं. आतली बरी खुर्ची बाहेर आणून पुसली. आता चहाचं पातेलं चढवलंय, आणि आम्ही दोघंच असताना चांगल्या बशा काढल्यात, तीन.

"कोण येणार आहे?"

 साखरेचा डबा उघडल्याचा आवाज.

गाडी थांबली. पिकअपचा आवाज नव्हता. फाटकाची कडी. उठून बघितलं.

मॅडम. एकट्याच. तीन वर्षांत आमच्या घरी कधी पाऊल टाकलं नव्हतं, पत्ताही मी कधी दिला नव्हता. उंबऱ्याबाहेर चपला काढून उभ्या आहेत, आणि ही पदराला हात पुसत पुढं होऊन म्हणतेय, "या, बसा. ह्यांना तुमच्याशी बोलायचंय."