सिम भरलंय, बाकी काही नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आज उल्हासनगरच्या मार्केटातून कार्ड रीडर आणला. बोटाएवढा आहे. यात सिम घालायचं, लॅपटॉपला लावायचं, की सिममधली सगळी नावं समोर. नात मनालीने दाखवलं. मी चौथी शिकलेली, पण अर्ध्या तासात जमलं! दुकानदार म्हणाला, अम्मा, ये तो अब कोई लेता नहीं. म्हटलं, मी घेतेय ना.
कारण असं, की गेल्या आठवड्यात आमचे हे मोरिवलीला जुन्या कंपनीच्या गेटवर सापडले. रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली. हातात डबा. डबा मीच भरून दिलेला, मागितला म्हणून. आमचा महेंद्र म्हणाला, आई, बाबांना डॉक्टरकडे नेऊ. म्हटलं, सिम भरलंय, बाकी काही नाही. यांच्या मोबाईलमध्ये अडीचशे नावं! त्यात माणसाला घरचा नंबर सापडणार कसा?

४ नोव्हेंबर
डबल नावं काढली. दूधवाला तीनदा, गॅसवाला चारदा. एक नाव नुसतंच 'काळा शर्ट'. हा कोण विचारलं तर हे हसले. मीही हसले. किती दिवसांनी! रीडरचा गुण.

६ नोव्हेंबर, दुपार
कळलं की हे कंपनीतल्या नाथाभावजींना फोन लावतात. भावजी लॉकडाऊनमध्ये गेले. तो नंबर आता कल्याणच्या कुणा बाईंकडे आहे. त्या म्हणाल्या, आजोबा रोज विचारतात, सेकंड शिफ्टला येतोस ना? मी हो म्हणून टाकते. भली बाई. पण चूक सिमची. नंबर आहे म्हणून लावतात.
ठरलं. उद्या मेलेली माणसं काढायची.

७ नोव्हेंबर
एकतीस निघाली. प्रत्येकाला जय भीम करूनच पुसलं, त्यामुळे वेळ लागला. बनूबाईच्या नावापाशी तिची तांदळाची खीर आठवली, वेलची घालायची नाही ती, तरी काय चव. मनाली म्हणाली, आजी, खीर नंतर, आधी डिलीट दाब.
सिम हलकं झालं. आता हे सुधारणार.

८ नोव्हेंबर
यांनी समोरच्या संजीवनीची बेल वाजवली आणि तिला म्हणाले, चहा टाक. बदलापुरात सगळी दारं सारखीच, होतं असं. संजीवनी म्हणते, मावशी, काकांकडे लक्ष द्या. तिला स्वतःला गॅस बंद केला का ते आठवत नाही.

१० नोव्हेंबर
मोठं काम झालं. माझा नंबर यांनी 'घर' म्हणून ठेवलेला! पन्नास वर्षांत नावाने हाक नाही. अगं, ऐकलंस का, एवढंच. मग मोबाईलमध्ये नाव कुठून येणार? 'घर' काढलं, 'अ रखमा' टाकलं. पुढे अ, म्हणजे यादीत पहिली मी. आपलं नाव आपल्या बोटाने टाइप केलं. फार बरं वाटलं. यांना दाखवलं. दोनदा वाचलं, मान हलवली.
आता हरवतात कसे, बघतेच.

१२ नोव्हेंबर
हरवले.
चिखलोलीला, नव्या बिल्डिंगच्या मागे, रेतीच्या ढिगावर बसलेले. चार तास. फोन हातातच. साईटवरच्या ऋता नावाच्या इंजिनियर मुलीने यादीतलं पहिलं नाव लावलं, म्हणून मला कळलं. अ लावल्याचा फायदा झालाच की.
ती म्हणाली, आजोबा सारखी बटणं दाबत होते. म्हणत होते, इथे घर होतं, कुणीतरी काढलं. तिला वाटलं, तिथल्या पाडलेल्या चाळीबद्दल बोलतायत.
मी पुढे गेले तर यांनी हात जोडले. म्हणाले, बाई, तुम्हीच का रखमा? उपकार झाले, आता मला माझ्या माणसांकडे सोडा.
रिक्षाने घरी आणलं. ऊन फार होतं. उन्हात कुणालाही नीट दिसत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
'अ रखमा' काढलं. 'घर' टाकलं.
महेंद्रने डॉक्टरची सोमवारची वेळ घेतली. बरं म्हटलं. रीडर पिशवीत ठेवलाय, डॉक्टरांना लागला तर.
संध्याकाळी भाकऱ्या थापत होते, तर फोन वाजला. हेच. हॉलमधून. मध्ये फक्त पडदा. म्हणाले, घरी एवढा निरोप द्या, आज सेकंड शिफ्ट आहे, तिला म्हणावं जेवून घे, थांबू नको.
पिठाच्या हाताने फोन धरलेला.
म्हटलं, सांगते.