सावरीवरचा दोर

१७ मार्च, सोमवार

१. विंझरच्या पुढच्या वळणावर सकाळी रस्ता बंद केला. झाड सावरीचं. रुंदीकरणात जाणारं.
२. वरच्या आडव्या फांदीखाली आग्या माशांचं मोहोळ. कालच दिसलं होतं.
३. सोमनाथ चढला. कमरेला पट्टा. पट्ट्याचा दोर वरच्या बेचक्यातून खाली रतनच्या हातात.
४. पहिली मोठी फांदी पडली. खोडाला हादरा बसला. माशा उठल्या.
५. गेनबा, बंटी आणि टोळीतले बाकीचे पळाले. फुलाबाई आणि मी टेम्पोच्या केबिनमध्ये. काचा वर.
६. सोमनाथचा पाय सुटला. तो दोरावर लोंबकळत राहिला, खोडापासून लांब. रतनने दोर सोडला नाही.
७. माशा कमी झाल्यावर गेनबा घोंगडं पांघरून गेले. रतनच्या हातातून दोर घेतला. सोमनाथला खाली उतरवलं.
८. दोघांना दवाखान्यात नेलं. सोमनाथला तिथून पुण्याला.

अहवालासाठी एवढं पुरे.

१८ मार्च

सोमनाथ गेला. पहाटे.

१९ मार्च

अंत्यविधीला वेल्ह्याच्या वरच्या वाडीत गेले. कंपनीतर्फे मी एकटीच. गाडी खाली उभी करून चढावं लागतं. बायका मला पाहून गप्प झाल्या. मग फुलाबाईंनीच – गेनबा मुकादमांची बायको – हाताला धरून आत नेलं. "ही आपली म्याडम हाय. हिला बसू द्या."

सुलक्षणा, सोमनाथची बायको, भिंतीला टेकून. दहावी झालेली, झाडं तोडणाऱ्या टोळीचे मोबाईलवरचे मेसेज तीच सगळ्यांना वाचून दाखवते. रडत नव्हती. मांडीवर दीपमाला झोपलेली. मुलगी सहा-सात वर्षांची असेल.

सगळ्यांच्या तोंडी रतन! तो अजून दवाखान्यात, डोळे सुजून बंद, तळहातांची सालं निघालेली. "मेव्हणा असावा तर असा." "माशांनी फोडून काढला, पर दोर न्हाई सोडला पठ्ठ्यानं." "बहिणीचे पांग फेडले." एका म्हाताऱ्याने तर दवाखान्याच्या दिशेने हात जोडले.

या टोळीत दोर मेहुणाच धरतो. कामाला लागले त्या आठवड्यात मी गेनबांना विचारलं होतं – सख्खा भाऊ का नाही? चांगला दणकट भाऊ आहे सोमनाथला. गेनबा तंबाखू मळत म्हणाले, "भावाला वाटणी असती, म्याडम. मेव्हण्याला काय? त्याच्या हातात बहिणीचं कुंकू असतं. त्यो दोर सोडत न्हाई."

मी तेव्हा नियमाप्रमाणे दुसरा, खोडाला बांधलेला दोरही सक्तीचा करा, असं ऑफिसला कळवलं होतं. सामान आलं नाही. टोळीलाही ते नको होतं. सोमनाथ हसला होता. "आता माझ्या मेव्हण्यापरीस खोडावर इस्वास ठेवू व्हय?" आणि वर चढताना रोजचं ठरलेलं – "धर नीट, रतन्या, न्हाईतर तुझी आक्का जन्माची तुझ्याच दारात आणून बसवीन!" खालून रतन – "आधी चढा तर दाजी, पोट अडाकतंय फांदीत!"

सोमवारीही बोलले असतील. लक्ष नव्हतं माझं.

२० मार्च

सोमवारच्या आठ मुद्द्यांत एक गोष्ट आलेली नाही. इथे तरी लिहिते.

काचा वर होत्या तरी ऐकू आलं. सोमनाथ वरून ओरडत होता – "सोड! रतन्या, सोड!" तीनदा स्पष्ट. नंतरचं स्पष्ट नाही.

दोर ताणलेला असला की पाठीमागची गाठ चढणाऱ्याच्या हाताने सुटत नाही. खोडापर्यंत पाय पोहोचत नव्हते. खालून ढील मिळणं हाच एक मार्ग होता. उंची पंचवीस फुटांच्या आसपास. खाली नुकत्याच पडलेल्या फांदीच्या डहाळ्या आणि फुलं.

फुलाबाई माझ्या शेजारीच होत्या, पण पदरात तोंड खुपसून मोठ्याने देवाचं नाव घेत होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. विचारून खात्री केली – सरळ नाही, वळसा घालून.

२२ मार्च

संजय सरांचा पुण्याहून फोन. ते या कामाचे प्रमुख. आवाज शांत, नेहमीसारखा.

"अहवालात 'अचानक' हा शब्द हवा, नूतन. मधमाश्यांचा अचानक हल्ला. नैसर्गिक घटना."

मी म्हटलं – मोहोळ आदल्या दिवशी दिसलं होतं. गेनबांनी धूर द्यायला एक संध्याकाळ मागितली होती. मी तुम्हाला फोन केला होता.

"मी काय म्हणालो?"

"रस्ता बंदची परवानगी सोमवारचीच आहे, सुरू करा."

सर म्हणाले – "आणि सुरू करा असं टोळीला कोण म्हणालं?"

मी म्हणाले होते. तसं सांगितलं.

"हे बघ, चौकशी लागली की सगळंच निघतं. दोरवाल्याने ढील का दिली नाही, हेही विचारतील. एवढं झालं, तो माणूस वर काही बोललाच नसेल? आज सगळं गाव त्या पोराला देव मानतंय. राहू दे ना." मग म्हणाले, एकोणतीसला साइटवर रतनचा सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र. अहवाल चार एप्रिलपर्यंत.

'अचानक' लिहिलं तर कोणाचीच चूक नाही. मग कंपनी सुलक्षणाला काही देणं लागत नाही. तिच्या वाट्याला भावाची शाल.

२३ मार्च, रविवार

भोरला घरी. आई विहारातून आली, पांढरी साडी तशीच. जेवण वाढताना म्हणाली, "बोलत का नाहीस?" म्हटलं, काम जास्त आहे. "काम तुला कधी जास्त होत नाही," म्हणाली आणि दुसरी भाकरी टाकायला गेली.

२४ मार्च

रतनला दवाखान्यातून सोडलं. पाहायला गेले. एक डोळा उघडला आहे. हात बांधलेले, त्याची आई चमच्याने चहा पाजत होती. मला पाहून म्हणाला, "आई, जरा भाईर जा."

मी विचारलं, दुखतंय का?

"तुमी टेम्पोत व्हता."

"हो."

"ऐकलं न्हवं तुमी?"

नाही म्हणता आलं असतं. "ऐकलं," म्हटलं.

"म्या बी ऐकलं."

भिंतीकडे बघत बोलत होता. जसं बोलला तसं लिहिते – "ढील द्यायला डोळं लागत्यात, म्याडम. डोळ्यांवर माशा बसलेल्या. हात सरकावला असता तर समदा दोर सुटला असता. दाजी सोड म्हनत व्हते. पर ध्यानात एकच – सोडायचा न्हाई. ल्हानपनापास्नं त्येच शिकिवलं. सोडला असता तर पाय मोडला असता त्येंचा. नुसता पाय."

मी म्हटलं, ते तेव्हा कोणालाच कळलं नसतं.

"तुमाला कळलं असतं का?"

"नाही."

हे खरं उत्तर आहे. तरी त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

निघताना शेजारची बाई ताटात नारळ घेऊन दारात उभी! रतनच्या पाया पडायला. त्याने गोधडी तोंडावर ओढून घेतली.

२७ मार्च

दशक्रिया. नदीकाठी. पाणी फार खाली गेलं आहे, दगडांवरून चालत जावं लागलं. रतन आला नाही. हात बरे नाहीत, असं सांगण्यात आलं. गेनबा मला बघून बाजूला आले. "धूर दिला असता तर ही येळ आली नसती, म्याडम." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

परतताना सुलक्षणा माझ्याबरोबर मागे राहिली. मुद्दाम.

"ताई, तुमी तिथंच व्हता. ह्ये शेवटी काय म्हनाले का?"

"काचा वर होत्या," मी म्हणाले. "ऐकू आलं नाही."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "रतन माझ्याकडं बघतच न्हाई. दारात येतो, सासूच्या हातात काय आनलं आसंल ती पिशवी देतो आन् जातो. म्या काय केलंय त्येचं?"

काही केलेलं नाही, म्हटलं.

"मग?"

मुलगी पुढे पळाली म्हणून ती तिच्या मागे गेली. बरं झालं.

२८ मार्च

अहवाल दोन प्रकारे लिहून पाहिला.

पहिला : ऑफिसचा आदेश घातला, 'सोड' वगळलं. टिकत नाही. कोणीही पहिला प्रश्न हाच विचारेल – माणूस इतका वेळ वर का राहिला? उत्तर नसेल तर आदेशावरही विश्वास बसणार नाही. संजय सरांना हे चांगलं माहीत आहे.

दुसरा : 'अचानक'. वाचायला सोपा. एक पान.

दोन्ही खोडले.

२९ मार्च

सत्कार. सावरीचा बुंधा अजून उभाच आहे, उरलेल्या फांद्या मागाहून उतरवलेल्या. त्याच्याच सावलीत – सावली कसली! – मंडप टाकला. संजय सर आले. सरपंच, फोटोवाला. शाल पांघरली तेव्हा रतन हललासुद्धा नाही. बांधलेल्या हातांत नारळ धरता येईना, म्हणून बंटीने धरला. सरपंच म्हणाले, "असा भाऊ प्रत्येक बहिणीला मिळो." टाळ्या. सुलक्षणाला बोलावलेलं नव्हतं. विचारलं तर संजय सर म्हणाले, सुतकातून आत्ताच उठली आहे, बरं दिसत नाही.

टोळीतल्या एकाने रतनला म्हटलं, "आता माझा दोर बी तूच धर रं." सगळे हसले, जिव्हाळ्याने. रतन मंडपामागे जाऊन ओकला.

मी पाण्याची बाटली घेऊन गेले. शाल त्याने झुडपावर टाकली होती. म्हणाला, "तुमी लिव्हा."

"काय लिहू?"

"समदं. मोहोळाचं, धुराचं, साहेबाचं. माझं बी. म्हंजी आक्काचं काय तरी हुईल."

मी म्हटलं, ते सुलक्षणाला बाहेरून कळेल. आधी तू सांग.

"तोंडातनं निघत न्हाई. तीनदा गेलो दारात. ती चा ठेवती." बांधलेल्या हाताने नाक पुसलं. "तुमीच सांगा. तुमाला जमतं तसलं. कायबी न वाटता बोलायचं."

चेष्टा नव्हती. जे दिसतं ते त्याने सांगितलं.

३० मार्च

पाडवा. वरच्या वाडीत गुढ्या. त्या घरावर नाही.

३१ मार्च, सोमवार

सुलक्षणाला मोबाईलवर पाठवलं ते इथे उतरवते.

सुलक्षणाताई,
हे एकटीने वाचा. दीपमाला जवळ नको.
नदीवर तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. सोमनाथ "सोड" म्हणत होते. मी ऐकलं. रतनने ऐकलं. त्याने दोर धरून ठेवला. तेव्हा तो सोडला असता तर ते पडले असते, बहुधा हाड मोडलं असतं. रतनने मला हे तुम्हाला सांगायला सांगितलं आहे.
आदल्या दिवशी गेनबांनी धुरासाठी एक संध्याकाळ मागितली होती. ऑफिसने दिली नाही. काम सुरू करा, हे टोळीला मी सांगितलं.
अहवालात हे दोन्ही जाईल, किंवा दोन्ही नाही. दोन्ही गेलं तर कंपनीला उत्तर द्यावं लागेल, आणि रतनलाही. तुमचं जे म्हणणं असेल तसं मी करेन.
अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे. गुरुवारी, ३ एप्रिलला, दिवस मावळेपर्यंत, दोन्ही लिहू का, हो किंवा नाही एवढं कळवा.
– नूतन